ताशी तीस

ग्रानोसेन, ९ फेब्रुवारी २०२५

रोलांड,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच शेगडीत घालशील याची मला खात्री होती, म्हणून पाकिटावरचा पत्ता मी स्तुरेकडून लिहून घेतला. फसवलं तुला. आता फोडलंच आहेस तर वाच.

अकरा वर्षं झाली. आईच्या दफनाला आलास, चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर बसलास आणि कॉफीलाही न थांबता सरळ बोडोला परत गेलास. तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवलेला केक स्तुरेने खाल्ला. तो म्हणतो, दर नाताळला तुम्हा दोघांची कार्डं येतात-जातात. म्हणजे सख्ख्या बहिणीला नाही, पण जुन्या दोस्ताला, स्तुरेला कार्ड! असो. भांडायला लिहीत नाहीये. भांडायचं असतं तर फोन केला असता.

मला एका गाडीबद्दल विचारायचंय.

माझी इल्वा मे महिन्यात पंधरा वर्षांची होतेय. तू तिला पाहिलंस तेव्हा चार वर्षांची होती आणि तिने तुझ्या कोटाचे दोन्ही खिसे खडीने भरले होते. आता तिला एपा हवी आहे. दुसरं काय हवं असणार? तिच्या वर्गातल्या नऊ पोरांपैकी सहा जणांकडे ती मागे लाल त्रिकोण लावलेली गाडी आहे, नाहीतर होणार आहे. जुनी गाडी घ्यायची, मागची सीट काढून हौदा बसवायचा, वेगाला तीसचं कुलूप घालायचं, की पंधराव्या वर्षी पोर रस्त्यावर मोकळं! दुसऱ्या कुठल्या देशाला हे सुचलं नाही म्हणतात. मला वाटतं सुचलं असेल, पण तिथे आधी आयांना विचारलं असेल.

माझा नकार का होता ते तुला सांगायला नको. तू सोळा वर्षांचा होतास, स्तुरे शेजारी बसला होता, ऑक्टोबरातला पहिला बर्फ होता, आणि तीसची गाडी ऐंशीने जाऊन आरागिरणीच्या वळणावरून खाली कोसळली. स्तुरेचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. वेगाचं कुलूप तू उघडलं होतंस. आदल्या संध्याकाळी मी तुला गाडीखाली पाहिलं होतं आणि पोलिसाला तेच सांगितलं. अकरा वर्षांची होते, खरं ते सांगितलं. त्याचा राग अजून असेल तर असू दे, मी त्यात बदल करणार नाही.

पण आता संध्याकाळची बस बंद झालीये. इल्वा चौदा किलोमीटरवर घोड्यांच्या तबेल्यात काम करते आणि तिला आणायला-सोडायला रोज मीच. शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांचं जेवण करून आल्यावर पुन्हा गाडी काढायची म्हणजे माझा जीव जातो. तिचा बाप होकान शहरात बसून फोनवर सगळ्याला ‘हो’ म्हणतो. ‘नाही’ म्हणायला मी एकटीच उरले, तर शेवटी मीही ‘हो’ म्हणाले.

गाडी बाबा निवडताहेत. एकोणऐंशी वर्षांचे झाले, पण चौतीस वर्षं या जिल्ह्यातली प्रत्येक गाडी तपासून पास-नापास करणारा माणूस तो, अजूनही नुसत्या आवाजावरून सांगतात कुठे गंज आहे ते. माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे. तरी मला दुसरं मत हवंय, आणि मेकॅनिक म्हणून माझ्या ओळखीचा तूच आहेस. पंधरा वर्षांच्या पोरीची पहिली गाडी कशी असावी? एवढंच लिही. बाकी काही लिहायची गरज नाही.

लिसबेत


ग्रानोसेन, १६ मार्च

रोलांड,

कार्ड आलं. सहा ओळी! हात दुखला नाही ना?

‘जड गाडी घे. इंजिन छोटं बघ. आधीचा मालक म्हातारा आणि चिकट असेल तर उत्तम. चेसीला स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघ, आत गेला तर सरळ घरी जा. सीटचे पट्टे आणि टायर नवे टाक. आणि ती बसायच्या आधी ड्रायव्हरच्या सीटखाली बघ.’

पाच ओळींबद्दल आभार. सहावी वाचून माझं डोकं फिरलं. स्वतःच्या करणीची आठवण अशी करून द्यायची असते का? कार्ड मी मुद्दाम स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. बाबांनी वाचलं. शेवटच्या ओळीशी थांबले, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग म्हणाले, “पट्ट्यांचं बरोबर आहे त्याचं.” तेहतीस वर्षांत त्यांच्या तोंडून तुझ्याबद्दल निघालेलं हे पहिलं बरं वाक्य असेल.

मग आम्ही तिघं निघालो गाडी बघायला. बाबांच्या खिशात ती त्यांची छोटी हातोडी, इल्वाच्या हातात फोन, आणि मी मध्ये.

पहिली गाडी एका सतरा वर्षांच्या पोराची, तयार एपाच. आत बिबट्याच्या ठिपक्यांचं मखमली कापड, छताला जांभळे दिवे आणि आपल्या फ्रीजएवढा स्पीकर. इल्वा त्या गाडीभोवती अशी फिरली की मला वाटलं आता लग्नच लावते. “आई, हीच! मी आयुष्यात दुसरं काही मागणार नाही!” बाबांनी खाली वाकून हातोडीने टक केलं. दाराखालची पट्टी वीतभर तुटून बर्फात पडली. त्यांनी ती उचलली आणि त्या पोराच्या हातात दिली. “ही तुझी. आणि ही गाडी नाही बाळा, नुसता रंग आहे.” परतीच्या वाटेवर इल्वा चाळीस किलोमीटर फोनमध्ये त्या जांभळ्या दिव्यांचे फोटो बघत बसली.

दुसरी गाडी जरा चालवून बघितली आणि परत फिरलो. विकणारा फोनवर म्हणाला होता की थोडीशी ओढते. ती ओढत होती खरी, पण डाव्या बाजूच्या खड्ड्याकडे.

तिसरी मात्र मिळाली. गुनबोर्ग नावाची निवृत्त सुईण, या भागातली निम्मी माणसं तिच्याच हातची. रणगाड्यासारखी जड, लांबलचक, दुधी चहाच्या रंगाची गाडी. इल्वाने तोंड वाकडं केलं. “हिच्यात बसले तर मला वृद्धाश्रमात नेताहेत असं वाटेल.” पण गुनबोर्गने गाडी दाखवायच्या आधी इल्वाचीच तपासणी घेतली.

“राग आला की काय करतेस गं?”

“दार आपटते.”

“हिचं आपटू नकोस. आणि रडू आलं की?”

“रडते.”

“गाडी थांबवून रडायचं. मी हिच्यात चौतीस वेळा रडलेय, प्रत्येक वेळी थांबवून.”

इल्वाने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, “आई, ही घेऊ या.” बाबांनी खाली सरपटत जाऊन सगळं टोचलं, ठोकलं, आणि बर्फातून उठता उठता म्हणाले, “गंज म्हणून काही नाहीच हिला.” मला एवढा आनंद झाला की मी गुनबोर्गला मिठी मारली.

म्हणजे सगळं तुझ्याच सांगण्याप्रमाणे झालं. सीटखाली मात्र मी बघितलं नाही. सुईणीच्या सीटखाली काय असणार?

लिसबेत


ग्रानोसेन, २७ एप्रिल

रोलांड,

तू उत्तर दिलं नाहीस. मी मागितलंही नव्हतं, तरी कळवते.

गाडी एपा झाली. सहा आठवडे बाबा आणि इल्वा कोठारात. शाळेतून आली की दप्तर फेकायचं आणि तिकडे. दोन गिअरबॉक्स एकामागे एक, मागचा कायमचा हळू गिअरमध्ये अडकवून त्यावर पोलादी पट्टी वेल्ड केलेली. इल्वा मला जेवताना हे सगळं समजावून सांगते आणि मी नुसती मान डोलावते. ब्रेक मात्र बाबांनी मोठ्या गाडीचे टाकलेत. मी विचारलं, तीसच्या गाडीला एवढे ब्रेक कशाला? “असू दे,” म्हणाले. त्यांचं ‘असू दे’ म्हणजे विषय संपला, तुला माहीतच आहे.

परवा तपासणी झाली. योन्ना म्हणून मुलगी आहे तिथे, बाबांच्याच हाताखाली शिकलेली. तिने खालून टॉर्च फिरवला, वेग मोजला, तीस भरला. म्हणाली, “एव्हर्तकाका, तुमच्या कामात मी काय शोधणार?” शिक्का मारला. इल्वाने तिथेच मागे लाल त्रिकोण ठोकला आणि आम्ही बेचाळीस किलोमीटर घरी आलो, दीड तासात. मागे लाकडाच्या ट्रकांची ही रांग! एकाने असा भोंगा वाजवला की माझी कॉफी मांडीवर सांडली. बाबा चाक धरून शांत. आरशात बघत होते सारखे.

तुला सांगितलं, आता माझा भार उतरला.

लिसबेत


ग्रानोसेन, २४ मे

रोलांड,

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

परवा इल्वाचा वाढदिवस झाला. सगळी पोरं आली, गाडीत बसून केक खाल्ला आणि अर्थात सांडला. आज सकाळी मी ते क्रीम-बिम पुसायला बसले. ड्रायव्हरच्या सीटखालचा गालिचा उचलला. त्याखाली एक तार होती आणि तारेच्या टोकाला पितळी कडी.

तुझी सहावी ओळ आठवली.

ती कडी मी ओळखली. आईच्या शिवणयंत्राच्या टेबलाला सहा खण होते, सहा पितळी कड्या. एक तुझ्या त्या गाडीत सापडली, पोलिसांनी नेली, आणि त्या जागी आईने बुटाची नाडी बांधली, आठवतं? मी तशीच घरात धावले. टेबल बाबांच्या खोलीत आहे. एका खणाला नाडी. दुसऱ्या खणाला नुसतं भोक.

मी गाडी काढली. एकटीच. सरळ रस्त्यावर नेली, तीसने चालवली, आणि कडी ओढली. खाली खटकन आवाज झाला. रोलांड, ती म्हातारी सुईणीची गाडी अशी उडाली की माझी मान मागे आपटली! पंचेचाळीस, साठ, ऐंशी. मी ब्रेक दाबला. जागच्या जागी थांबली. ते ब्रेक तेवढ्यासाठीच होते.

कडी तारेवरून काढून घेऊन घरी आले तर इल्वा दारात उभी. माझा चेहरा आणि हातातली कडी बघून तिचं तोंड पांढरं पडलं.

“तुला माहीत होतं?”

“आई, ती फक्त अडचणीसाठी आहे. ट्रक अगदी मागे आला तरच ओढायची. आजोबा म्हणाले, आईला सांगू नकोस, ती उगाच घाबरते.”

“तू ओढलीस कधी?”

“काल. दोनदा.”

दोनदा, रोलांड! माझी पंधरा वर्षांची पोर, आणि सीटचा पट्टा लावल्याशिवाय अंगणातही गाडी न हलवणारे आपले बाबा! मला काही सुचत नाहीये. बाबा सकाळपासून तळ्यावर आहेत, मासे धरताहेत. मी किल्ली खिशात घालून त्यांची वाट बघत बसलेय. तू तर तेहतीस वर्षांत या घराची पायरी चढला नाहीस. मग ही दुसरी कडी कोणी काढली, हे विचारायला मला माणूसच उरला नाही त्यांच्याशिवाय.

लिसबेत


ग्रानोसेन, २६ मे

रोलांड,

त्यांनी कबूल केलं. अगदी सहज, रोलांड. मला वाटलं होतं नाही म्हणतील, ओरडतील. कोठाराच्या पायरीवर बसून मासे साफ करत होते. मी कडी त्यांच्यासमोर धरली.

“बाबा, हे काय आहे?”

“कडी.”

“ते दिसतंय मला! कोणी लावली?”

“मी.”

“आणि ती पहिली? रोलांडच्या गाडीतली?”

त्यांनी हातातला मासा पूर्ण साफ केला, पाण्यात बुडवला, बादलीत टाकला. मग म्हणाले, “तीपण मीच.”

मी पायरीवरच बसले. तेहतीस वर्षं, रोलांड! तेहतीस वर्षं हा माणूस तुझ्याशी बोलला नाही. तुझा फोटो भिंतीवरून उतरवला. गावात कोणी तुझं नाव काढलं की उठून जायचा. आणि आम्ही म्हणायचो, बिचाऱ्या एव्हर्तच्या मनाला किती लागलंय बघा, जो माणूस जगाच्या गाड्या तपासतो त्याच्याच पोराने असं करावं!

मी ओरडले. काय काय बोलले ते मला आठवत नाही, इल्वाला आठवतं, ती म्हणाली असे शब्द तिने शाळेतसुद्धा ऐकले नव्हते. बाबा ऐकत होते. शेवटी म्हणाले, “मागे साठ टनांचा ट्रक येतो लिसबेत. घाटात त्याला ब्रेक लागत नाहीत. समोर तीसने चालणारं पोर. त्याने काय करायचं? मरायचं? मी रोज तपासायचो ते ट्रक, मला माहीत होतं कोणाचे ब्रेक कसे आहेत. पोराला बाजूला पळता यायला पाहिजे.”

“ते पोर पळालं आणि स्तुरेचा पाय गेला!”

“हो. मी पुष्कळ विचार केला त्यावर. चूक कडीची नव्हती. ब्रेकची होती. गाडीला वेग दिला, पण थांबायला काही दिलं नाही. या वेळी ब्रेक मोठे टाकले.”

तुला कळतंय का? त्यांना वाटत होतं की त्यांनी चूक दुरुस्त केली. आता बरोबर करून दाखवायचं होतं त्यांना, आणि ते माझ्या मुलीवर.

मी विचारलं, तेव्हा खरं का नाही सांगितलंत? म्हणाले, नोकरी गेली असती, तपासणाराच असं करतो म्हटल्यावर तुरुंग झाला असता, आई आजारी होती, तुम्ही दोघं लहान. म्हटलं, म्हणून रोलांडला पुढे केलंत? तर म्हणतात कसे, “मी त्याचं नाव घेतलं नाही. कधीच घेतलं नाही.” हेच पुन्हा पुन्हा. पळवाट, दुसरं काय! आणि मग त्याच्याशी बोलणं का बंद केलंत? तर म्हणाले, “त्याच्याकडे बघवत नव्हतं.”

तिथून मी सरळ स्तुरेकडे गेले. तो मासेमारीचे परवाने विकत बसला होता, लाकडी पाय काढून खुर्चीला टेकवलेला. सगळं सांगितलं. मला वाटलं आता हा कोसळतो. तो म्हणाला, “कॉफी घेणार?”

“स्तुरे, तुला आधीच माहीत होतं?”

“कोणी केलं ते माहीत नव्हतं. रोलांडने केलं नाही एवढं माहीत होतं. अगं, त्याला तेव्हा सायकलची साखळी चढवता येत नव्हती! आणि आदल्या संध्याकाळी तो आमच्याकडे होता, नऊपर्यंत. मॅकरोनी आणि सॉसेज होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“सहा आठवडे हॉस्पिटलात होतो मी. आलो तोवर सगळं ठरून गेलं होतं. लिसबेतने डोळ्यांनी पाहिलंय म्हणे. मी बोलणार होतो, रोलांडने शपथ घातली, गप्प बस म्हणून.”

“पण का?”

“ते त्याला विचार.”

म्हणून विचारतेय. का गप्प बसलास? बाबांनी धमकावलं का? नोकरीचं सांगून हातापाया पडले का? आणि मी गाडीखाली पाहिलं ते मग काय होतं? तू तिथे कशाला होतास? बाबांना मदत करत होतास का? स्तुरे तर म्हणतो तू त्यांच्याकडे होतास. एवढ्या वर्षांनी त्याची वेळेत गफलत होत असेल. मला काहीच कळेनासं झालंय. उत्तर दे. सहा ओळीत नको.

लिसबेत


ग्रानोसेन, १५ जून

रोलांड,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. चार वेळा लिहायला बसले आणि चार वेळा उठले.

आधी इकडचं सांगते, ते सोपं आहे. गाडी आम्ही तपासणी केंद्रात परत नेली. बाबांनीच सांगितलं, इल्वाला चालवू दे. कडी त्यांनी खिशात ठेवली होती. मी मागून माझ्या गाडीत, दिवे लुकलुकत ठेवून, पुन्हा दीड तास. तिथे बाबा सगळ्यांसारखी चिठ्ठी घेऊन रांगेत उभे राहिले, नंबर आल्यावर योन्नासमोर कडी ठेवली आणि म्हणाले, “तुला फसवलं मी. गाडी बंद कर. आणि एक्क्याण्णव साली पोरांची जी गाडी पडली, त्यातपण मीच होतो.” रांगेत सात-आठ माणसं होती, सगळी ओळखीची. योन्नाचे डोळे भरून आले होते. तिने फॉर्म वर-खाली पाहिला आणि म्हणाली, “एव्हर्तकाका, दुसऱ्या गोष्टीसाठी माझ्याकडे रकाना नाही हो.”

इल्वाची गाडी तिथेच राहिली. येताना तिघंही माझ्या गाडीत. ती रडली नाही. म्हणाली, ती गाडी थांबलेलीच होती, रडता आलं असतं, पण आजोबा जास्त रडत होते. पोलीस येऊन बाबांचा जबाब घेऊन गेले. एवढ्या जुन्या गोष्टीला आता शिक्षा होत नाही म्हणतात. आजच्या गोष्टीची होईल. ती होवो.

स्तुरेकडेही गेले ते. काय बोलणं झालं मला माहीत नाही, दोघंही सांगत नाहीत. तुला पत्र लिहायला बसतात रोज सकाळी. ‘रोलांड’ लिहितात आणि कागद चुरगळतात. टोपली भरली आहे.

आता तुझं पत्र. मला ते पाठ झालंय, तरी लिहिते, कारण हातानं लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

‘त्या संध्याकाळी मी स्तुरेकडेच होतो. कडी बाबांनी मला दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवली, ट्रक मागे आला तर ओढ म्हणाले. ट्रक आला, मी ओढली. ते माझं. ते मी कधी नाकारलं नाही. पोलीस घरी आला तेव्हा त्याने आधी तुला विचारलं. मी जिन्यात उभा होतो. तू काय सांगितलंस ते ऐकलं. बाबांशी मी भांडलो असतो, सोडलं नसतं. पण आता आत जाऊन तुला खोटं पाडायचं की गप्प बसायचं, एवढंच उरलं होतं. तू अकरा वर्षांची होतीस, तुझ्या हातात ते लाकडी अस्वल होतं. मी गप्प बसलो. पोरीला शेवटी कुठली गाडी घेतलीस?’

हे वाचल्यावर मी बाबांच्या खोलीत गेले. विचारलं, “बाबा, तुम्ही म्हणता तुम्ही नाव घेतलं नाही, म्हणजे काय?” त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, “तुला आठवत नाही असं मला वाटायचं. म्हणून मी कधी काढलं नाही.”

मला आठवतंय, रोलांड. मला विसर पडला नव्हता. मी ते दाबून बसले होते एवढंच.

मी चेहरा पाहिलाच नव्हता. कोठारात कोंबड्यांचे दाणे आणायला गेले होते, गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते. हिरवे रबरी बूट. तसे बूट गावात सगळ्यांचेच होते, तुझेही. पण डाव्या बुटाच्या टाचेला सायकलच्या ट्यूबचा लाल तुकडा चिकटवलेला होता. तो तुकडा बाबांनी माझ्यासमोर चिकटवला होता, मीच कात्री धरली होती.

दुसऱ्या दिवशी पोलीस आला. स्वयंपाकघरात बसवून मला विचारलं, गाडीला कोणी हात लावताना पाहिलंस का बाळा? बाबा खिडकीशी उभे होते. त्यांनी मला डोळ्याने खुणावलं नाही, डोळे वटारले नाहीत, काही नाही. ते बाहेर बघत होते. घरात कोणी बोलायला लागलं की बाबा नेहमी त्याच्याकडे बघतात, त्या दिवशी त्यांनी बघितलं नाही, आणि मला कळलं. आईला औषध द्यायला बाबा लागतात. बाबांना नेलं तर आम्ही काय करणार? तू मोठा होतास. तुला काही होणार नाही असं मला वाटलं. मी म्हणाले, “रोलांड होता.”

मला कोणी शिकवलं नाही. कोणी सांगितलं नाही. मी स्वतः म्हणाले.

मग सगळे म्हणायला लागले, किती धीट मुलगी, भावाबद्दलसुद्धा खरं सांगितलं. शाळेत बाईंनी पाठ थोपटली. आणि मी ते मिरवलं. आजवर. फेब्रुवारीतल्या पत्रातसुद्धा लिहिलं, ‘खरं ते सांगितलं, मी त्यात बदल करणार नाही’. ते पत्र तुझ्याकडे आहे. फाडू नकोस, ठेव. बाबांवर मी कोठाराच्या पायरीवर ओरडले, तेव्हा ते गप्प ऐकत होते, माझ्यासाठी गप्प होते. तूही माझ्यासाठीच गप्प होतास. स्तुरे तुझ्यासाठी. सगळ्या गावात एकटी मीच बडबडत होते.

काल इल्वाला सांगितलं. तिला सांगायची छातीच होत नव्हती. ती ऐकून घेऊन म्हणाली, “मग मामाला सांगितलंस?” मी म्हणाले, अजून नाही. ती म्हणाली, “मग माझ्याशी काय बोलत बसलीस? जा, लिही.” आणि दार आपटून गेली.

तू विचारलंस, पोरीला कुठली गाडी. कुठलीच नाही. ती सायकलने तबेल्यात जाते, चौदा किलोमीटर जाऊन-येऊन अठ्ठावीस, आणि तिला कोणी थांबवू शकत नाही. तिला गाडी तू निवडून द्यावीस असं तिचं म्हणणं आहे. माझं म्हणणं मांडायचा मला हक्क नाही. आलास तर बाबा घरातच असतात. नाही आलास तर मी समजेन. पोलिसांकडे मी सोमवारी जातेय, माझा जबाब बदलायला. त्यांना त्याचा आता उपयोग नसेल, तरी त्यांनी तो लिहून घ्यावा असं मी सांगणार आहे.

त्या संध्याकाळी गाडीखाली तू नव्हतास, रोलांड. मला तेव्हाही माहीत होतं.

लिसबेत